कुणाच्या मर्जीवर? एका इंग्रजी विशेषणाची झडती

पुढची तीन इंग्रजी वाक्यं वाचा.

'माय लँडलॉर्ड इज प्रिकेरियस.'
'द मार्केट इज व्हेरी प्रिकेरियस धिस वीक.'
'शी लीड्स अ प्रिकेरियस लाइफ इन दॅट रेंटेड रूम.'

मोबाइलमधल्या शब्दकोशाला 'प्रिकेरियस' विचारलंत तर 'अस्थिर, अनिश्चित, धोक्याचा' अशा छापाचं उत्तर येईल. ते लावून पाहिलं तर तिन्ही वाक्यं खपून जातात. घरमालक अस्थिर, बाजार अनिश्चित, तिचं आयुष्य धोक्याचं. व्याकरण तपासणारं अॅपही लाल रेघ मारणार नाही. पण इंग्रजी अंगवळणी पडलेला वाचक पहिल्या वाक्याला अडखळेल, दुसऱ्याला जरा थबकेल आणि तिसरं सहज वाचून पुढे जाईल.

का? घरमालक लहरी असू शकतो, तापट असू शकतो, आज हो आणि उद्या नाही म्हणणारा असू शकतो. पण तो 'प्रिकेरियस' नसतो. त्याच्या लहरीवर जिचं छप्पर टिकून आहे, तिचं राहणं प्रिकेरियस असतं. पहिल्या वाक्यात विशेषण चुकीच्या माणसाला चिकटलं आहे. ज्याच्या हातात दोरी आहे त्यालाच आपण लोंबकळणारा ठरवलं.

ही चूक स्पेलिंगच्या चुकीसारखी नाही. तिच्यामुळे वाक्यातला सत्तेचा संबंध उलटा होतो. म्हणूनच अस्थिरतेची इंग्रजी विशेषणं नीट वापरणं हा फक्त परीक्षेतल्या गुणांचा प्रश्न आहे असं मला वाटत नाही. काय हलतंय, का हलतंय आणि कुणामुळे हलतंय, हे वाक्यात सांगायचं की लपवायचं, त्याचा निकाल बऱ्याचदा एका विशेषणावर लागतो.

हलतंय नेमकं काय?

आधी आजूबाजूची मंडळी पाहू. कारण 'प्रिकेरियस' चुकतो तो बहुतेक वेळा शेजाऱ्याच्या जागी जाऊन बसल्यामुळे.

'अनस्टेबल' हा यांतला सगळ्यात सरळ. त्याच्या पोटात लॅटिनमधलं 'उभं राहणं' आहे, आणि ते क्रियापद आपल्या 'स्था' धातूचं भावंड आहे. म्हणजे 'अस्थिर' आणि 'अनस्टेबल' हे नुसते समानार्थी नाहीत, नात्यातले आहेत. अनस्टेबल गोष्टीत दोष तिच्या स्वतःच्या बांधणीत असतो. पाय लहानमोठे असलेली खुर्ची अनस्टेबल. आपोआप मोडत जाणारं अणुकेंद्र अनस्टेबल. खचत चाललेली इमारत अनस्टेबल.

आता टेबलाच्या अगदी कडेला ठेवलेला चहाचा कप आठवा. कप दणकट आहे, बूड सपाट आहे, त्याच्यात काही खोट नाही. तो अनस्टेबल नाही. पण त्याची जागा अशी आहे, की कुणाचा कोपर लागला की संपलं. इंग्रजीत असा कप 'प्रिकेरियसली' ठेवलेला असतो. एक शब्द वस्तूविषयी बोलतो, दुसरा तिच्या जागेविषयी. एवढा फरक लक्षात राहिला तरी निम्म्या चुका टळतात.

'व्होलाटाइल'मध्ये उडणं आहे. लॅटिनमधल्या उडण्याच्या क्रियापदावरून आलेला हा शब्द रसायनशास्त्रात झाकण उघडताच हवेत जाणाऱ्या द्रवांसाठी रुळला. पेट्रोल, अत्तर, स्पिरिट. म्हणून झपाट्याने वर-खाली होणाऱ्या किमती व्होलाटाइल, आणि क्षणात भडकणारा माणूसही व्होलाटाइल. सुरुवातीच्या दुसऱ्या वाक्यातल्या बाजाराला हाच शब्द हवा होता.

'फिकल' वापरताना जपून. जुन्या इंग्रजीत त्याचा पूर्वज 'कपटी' या अर्थाचा होता आणि ती चव अजून गेलेली नाही. हवामान फिकल, नशीब फिकल, प्रेक्षक फिकल असं म्हणताना आपण नुसतं बदलणं सांगत नसतो, तक्रार करत असतो. आपल्याला दगा दिला गेला, असा सूर त्यात असतो. अहवालात 'फिकल कस्टमर्स' लिहिलंत तर तुम्ही ग्राहकांना बेइमान म्हणताय.

'मर्क्युरियल' मराठी माणसाला हमखास फसवतो. मर्क्युरी म्हणजे पारा, आणि आपल्याकडे पारा चढतो तो रागाचा. त्यामुळे मर्क्युरियल म्हणजे संतापी, असा समज सहज होतो. इंग्रजीत मात्र पाऱ्याचं हातात न सापडणं महत्त्वाचं आहे. चपळ, घटकेत इथे घटकेत तिथे, बुद्धीने तल्लख, मनाने चंचल. या शब्दात अर्धं कौतुक असतं. एखाद्या फलंदाजाला किंवा गायकाला मर्क्युरियल म्हणतात ते यामुळेच.

उरलेल्यांचे एकेका ओळीत हिशेब. हात, आवाज आणि पुरावा 'शेकी' असतो. चालणं 'अनस्टेडी' असतं. दोन गोष्टींमधला संबंध बारीक धाग्याएवढा असेल तर तो 'टेन्युअस'. आणि 'इनसिक्युअर'बद्दल एक वेगळी सूचना. नोकरी इनसिक्युअर असेल तर ती टिकण्याची खात्री नसते. पण मुलाखतीत 'आय अॅम इनसिक्युअर' म्हणालात, तर तुम्हाला आत्मविश्वास नाही असा अर्थ निघतो. विशेषण तेच. नोकरीवरून उचलून माणसावर ठेवलं, की बाहेरचा दोष आतला होतो.

विनवणीतून आलेला शब्द

आता 'प्रिकेरियस'कडे येऊ. इंग्रजीत तो सतराव्या शतकात आला तो कायद्याचा वास घेऊन. लॅटिनमध्ये 'प्रेकारियस' म्हणजे विनवणी करून मिळवलेलं. रोमन कायद्यात 'प्रेकारियम' नावाची एक व्यवस्था होती. कुणी विनंती केली म्हणून मालकाने त्याला जमीन किंवा वस्तू वापरायला द्यायची, आणि मनात येईल तेव्हा परत मागायची. घेणाऱ्याला वापर मिळे, पण मालकासमोर उभा राहील असा हक्क मिळत नसे. 'राहा, जोवर मी राहू देतो तोवर,' एवढाच तो करार.

इंग्रजीतला 'प्रेयर', म्हणजे प्रार्थना, हाही याच लॅटिन शब्दापासून फ्रेंचमार्गे आलेला. प्रार्थना आणि प्रिकेरियस हे जवळजवळ एकच शब्द आहेत. एक देवळात गेला, दुसरा भाड्याच्या खोलीत. आणखी मागे गेलं तर या घराण्याचं नातं संस्कृतातल्या 'प्रश्न' आणि 'पृच्छा'शी, आणि पुढे मराठीतल्या 'पुसणं'शी जुळतं. सगळ्यांच्या मुळाशी मागणं-विचारणं आहे. ज्याला टिकून राहण्यासाठी सतत कुणालातरी विचारावं लागतं, तो प्रिकेरियस अवस्थेत आहे.

सॅम्युएल जॉन्सनला हे पक्कं ठाऊक होतं. १७५५ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या इंग्रजी शब्दकोशात या शब्दाखाली अर्थ दिल्यावर तो थांबत नाही, लेखकांना झापतो. हा शब्द इतका बेफिकिरीने वापरला जातो, की त्याच्यासारखा दुसरा नाही, अशी त्याची तक्रार आहे. लोक कुठल्याही अनिश्चित गोष्टीला प्रिकेरियस म्हणतात, हवामानाला म्हणतात, जुगाराच्या फाशालाही म्हणतात. वास्तविक दुसऱ्याच्या इच्छेवर अवलंबून असल्यामुळे येणारी अनिश्चितता, एवढाच याचा अर्थ, असं तो बजावतो. फाशाला मर्जी नसते, पावसालाही नसते. मग ते प्रिकेरियस कसे?

कोशकार एका विशेषणासाठी इतका का तापला असेल? माझा अंदाज असा, की हा शब्द त्याने कोशात घालण्याआधी जगून पाहिला होता. कोशाची योजना त्याने १७४७ साली लॉर्ड चेस्टरफील्ड या बड्या सरदाराला उद्देशून लिहिली होती. आश्रयदाता म्हणून त्याच्याकडून अपेक्षा होती. वर्षानुवर्षं फारसं काही मिळालं नाही. काम पुरं होत आल्यावर सरदारसाहेबांनी कौतुकाचे लेख लिहिले, तेव्हा जॉन्सनने त्याला जे पत्र धाडलं ते लेखकाच्या स्वाभिमानाचा नमुना म्हणून आजही वाचलं जातं. कोशात 'पेट्रन' शब्दाखालीही त्याने आश्रयदात्यांचा उद्धार केला आहे. कोश निघाल्यानंतर वर्षभरातच, १७५६ मध्ये, ५ पौंड १८ शिलिंगांच्या देण्यापायी त्याला अटक झाली, आणि कादंबरीकार सॅम्युएल रिचर्डसनने पैसे पाठवून त्याला सोडवलं. पुढे १७६२ साली राजाकडून वर्षाला ३०० पौंडांचं पेन्शन सुरू झालं, तेव्हा त्याची पंचाईत झाली. कारण कोशात पेन्शन या शब्दाची व्याख्या त्याने जवळजवळ सरकारी लाच अशी करून ठेवली होती.

दुसऱ्याच्या मर्जीवर जगणं आणि छत्रीविना पावसात सापडणं या दोन गोष्टी एकाच शब्दात बसवलेल्या अशा माणसाला सहन होणं अवघडच होतं.

जॉन्सन हरला, पण...

वापराच्या मैदानात जॉन्सन हरला आहे, हे मान्य करायला हवं. आजचं इंग्रजी शिडीला, कड्यावरच्या पायवाटेला, ओझ्याच्या तोलालाही प्रिकेरियस म्हणतं आणि त्यात चूक नाही. मघाचा चहाचा कपही या नव्या अर्थातलाच. शब्दाचं मूळ हीच त्याची मालकी, असा हट्ट धरला तर कुठलीच भाषा बोलता येणार नाही. सोशल मीडियावर व्युत्पत्ती फेकून मारणाऱ्या मंडळींशी म्हणूनच माझं जमत नाही.

पण हरलेल्या माणसाचा प्रश्न कामाचा असू शकतो. शब्दाचा जुना अर्थ पुसला गेला असं वाटतं, तरी त्याच्या सवयी मागे राहतात. प्रिकेरियस आजही कोणत्या नामांशेजारी सहज बसतो ते पाहा. पोझिशन, एग्झिस्टन्स, लाइव्हलिहूड, ट्रूस, मेजॉरिटी. स्थान, जगणं, उपजीविका, तह, बहुमत. यांतलं जवळजवळ प्रत्येक जण दुसऱ्या कुणाच्यातरी होकारावर उभं असतं.

बहुमताचं उदाहरण आपल्याच इतिहासातून घेऊ. १९९८ साली सत्तेवर आलेलं वाजपेयींचं सरकार अनेक पक्षांच्या पाठिंब्यावर चाललं होतं. अण्णाद्रमुकने पाठिंबा काढला, आणि १७ एप्रिल १९९९ रोजी लोकसभेत विश्वासदर्शक ठराव २६९ विरुद्ध २७० असा एका मताने पडला. या सरकारला 'अनस्टेबल' म्हटलं तर सरकारच्या बांधणीत खोट होती असं सुचतं. त्याच्या बहुमताला 'प्रिकेरियस' म्हटलं, की लगेच विचारावंसं वाटतं: कुणाच्या हातात होतं ते? दोन्ही वाक्यं बरोबर आहेत. पण दुसरं वाचकाला चेन्नईपर्यंत घेऊन जातं, पहिलं दिल्लीतच थांबतं.

म्हणून जॉन्सनचा नियम कायदा म्हणून नको, कसोटी म्हणून घ्यावा. प्रिकेरियस लिहिल्यावर स्वतःला विचारायचं, 'कुणाच्या मर्जीवर?' उत्तर मिळालं तर शब्द चपखल आहे. उत्तर मिळालं नाही, पण वस्तू कशाच्यातरी कडेवर आहे, तरी चालेल. दोन्ही नसेल, तर तुम्हाला बहुधा व्होलाटाइल, अनसर्टन किंवा साधा चेंजेबल हवा आहे.

विशेषण कुणाला चिकटवलं?

याच नजरेने बातम्यांचं इंग्रजी वाचून पाहा. एखाद्या शहरात दंगल झाली, की वस्ती 'व्होलाटाइल एरिया' होते. मराठी वृत्तपत्रं याला 'संवेदनशील भाग' म्हणतात. जणू विटा-सिमेंटलाच भावना आहेत आणि ज्वलनशीलता हा त्या गल्लीचा रासायनिक गुण आहे. पेट्रोलची बाटली उघडी ठेवली तर ते उडून जाणारच, त्यात कुणाचा दोष नाही. पण गल्लीत कुणीतरी येतं, कुणीतरी दगड उचलतं, कुणीतरी वेळेवर पोहोचत नाही. 'व्होलाटाइल' लिहिलं की हे तिघंही वाक्यातून निसटतात, आणि तिथे राहणाऱ्यांच्या कपाळावर तेवढा शिक्का उरतो. पुढे त्याच वस्तीचा पत्ता सांगून भाड्याने घर किंवा नोकरी मागणाऱ्या मुलाला या विशेषणाची किंमत मोजावी लागते.

ऑफिसच्या इंग्रजीतही हेच चालतं. 'अनस्टेबल वर्कफोर्स' हा शब्दप्रयोग घ्या. माणसं टिकत नाहीत, सोडून जातात, सबब माणसंच अनस्टेबल. कंत्राट अकरा महिन्यांचं असेल तर बाराव्या महिन्यात ती कशी टिकणार, हा प्रश्न वाक्यात येतच नाही. तेच 'वर्कर्स इन प्रिकेरियस जॉब्ज' असं लिहिलं, तर विशेषण माणसावरून उठून नोकरीवर जातं. शब्द दोनचार वाढतात, पण आरोप जागच्या जागी बसतो.

तिसरं उदाहरण जास्त टोचणारं. 'शी इज अनस्टेबल.' बाईबद्दल हे तीन शब्द किती सहज लिहिले जातात, आणि त्यांचा अर्थ जवळपास नेहमी मानसिक आजाराकडे बोट दाखवणारा असतो. त्यातल्या कित्येक जणींचं घर, पैसा, मुलांचा ताबा हे सगळं दुसऱ्याच्या शब्दावर टांगलेलं असतं. म्हणजे अस्थिर असते ती परिस्थिती, आणि विशेषण मिळतं तिला. एकूण पाहता इंग्रजीत 'प्रिकेरियस' हे विशेषण माणसाच्या स्वभावाला सहसा लागत नाही, ही मला त्याची सभ्यता वाटते. 'शी इज प्रिकेरियस' हे वाक्य कानाला अपुरं लागतं. ते विचारायला लावतं: तिचं काय प्रिकेरियस आहे?

उलट्या बाजूने 'स्टेबल'ही तपासा. 'पेशंट इज स्टेबल' म्हणजे रुग्ण बरा आहे असं नव्हे. पुढे बिघडत नाहीये, एवढंच. 'क्रिटिकल बट स्टेबल' असंही म्हणतात. आपल्या बातम्यांमध्ये 'प्रकृती स्थिर' वाचून सुटकेचा निःश्वास टाकणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. स्थिर म्हणजे चांगलं, हे समीकरण भाषेत आहे, वास्तवात नेहमी नसतं.

सिद्धान्ताच्या पेठेत

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत प्रिकेरियसला विद्यापीठांत मोठा मान मिळाला. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्द्यू यांनी १९९७ साली ग्रनोबल इथल्या भाषणात, कामाची ही टांगती अवस्था आता सगळीकडे पसरली आहे असं मांडलं. जुडिथ बटलर यांचं 'प्रिकेरियस लाइफ' २००४ साली आलं, ११ सप्टेंबर २००१ नंतरच्या अमेरिकेच्या पार्श्वभूमीवर. २००९ सालच्या 'फ्रेम्स ऑफ वॉर'मध्ये त्यांनी एकाच विशेषणातून निघणारी दोन नामं वेगळी केली. 'प्रिकेरियसनेस' ही सगळ्याच जिवांची अवस्था. आपण सगळे नाजूक आहोत, एकमेकांवर अवलंबून आहोत. 'प्रिकॅरिटी' मात्र राजकारणाने वाटलेली असते. काहींच्या वाट्याला जास्त, काहींच्या कमी.

हा भेद मोलाचा आहे. 'शेवटी सगळेच असुरक्षित' असं म्हणून विषय गुंडाळणाऱ्यांना त्यात उत्तर आहे. मरण सगळ्यांना आहे, पण बुलडोझरची नोटीस सगळ्यांना येत नाही.

मग २०११ साली गाय स्टँडिंग यांनी 'प्रिकेरियस' आणि 'प्रोलेटॅरिएट' यांचा जोड करून 'प्रिकॅरिआट' हा वर्ग जाहीर केला आणि त्याला नवा, धोकादायक म्हटलं. शब्द जगभर गेला. त्याची सगळ्यात खणखणीत उलटतपासणी केली ती यान ब्रेमन यांनी. नेदरलँड्सचा हा अभ्यासक १९६० च्या दशकापासून दक्षिण गुजरातमधल्या शेतमजुरांमध्ये आणि स्थलांतरित कामगारांमध्ये काम करत आला आहे. २०१३ साली 'न्यू लेफ्ट रिव्ह्यू'मधल्या लेखात त्यांनी ही संकल्पनाच बनावट नाही ना, असा सवाल केला. जगाच्या आपल्या भागात बहुतेक कष्टकरी पहिल्यापासून असेच जगत आले आहेत, मग हा वर्ग नवा कुणासाठी?

इथे मी ब्रेमन यांच्या बाजूने आहे, आणि कारण पुन्हा विशेषणाचंच आहे. विशेषण असताना प्रिकेरियस शब्दाला शेजारी नाम लागतं. कोणती नोकरी, कोणती जमीन, कोणतं घर, हे सांगावं लागतं, आणि ते सांगता सांगता मालकही दिसू लागतो. 'प्रिकॅरिआट' असं भारदस्त नाम झालं, की शब्द पुन्हा माणसांवर येऊन बसतो. युरोपातला विनावेतन इंटर्न आणि सुरतेजवळचा ऊसतोड मजूर एका टोपलीत जातात. दोघंही कुणाच्या मर्जीवर आहेत हे खरं. पण कुणाच्या, हे वेगवेगळं आहे, आणि खरी बातमी तिथेच आहे.

आपल्याकडचा शब्द

मग मराठीत प्रिकेरियस कसा आणायचा? 'अस्थिर' पुरत नाही हे पाहिलंच. 'डळमळीत' सरकारला बरा, घराला बरा, पण त्यातही देणारा हात नाही. 'अधांतरी' सुंदर आहे, पण त्यात धरून ठेवणारा कुणीच दिसत नाही. 'हातावरचं पोट' जवळ येतं. त्यात रोजची भूक आहे, रोजची मेहनत आहे. पण हात आपलाच आहे. नाक्यावर सकाळी उभं राहिल्यावर गर्दीतून कुणाला उचलायचं हे ठरवणारा हात वेगळा असतो, आणि तो या वाक्प्रचारात नाही.

गिरणगावात यासाठी नेमका शब्द होता: 'बदली'. बदली कामगार सकाळी गिरणीच्या दारात यायचा. कायम कामगार आला नसेल तर, आणि जॉबरच्या मनात असेल तर, त्याला पाळी मिळायची. 'टेम्पररी' या शब्दात फक्त काळ असतो. 'बदली'त दुसऱ्याचं न येणं असतं, आणि जॉबरची मर्जीही.

त्याहून जुना शब्द जमिनीच्या हिशेबात आहे. पेशवाई संपल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ साली जिंकलेल्या मुलखाचा जो अहवाल लिहिला, त्यात रयतेचे दोन मुख्य प्रकार सांगितले आहेत: मिरासी आणि उपरी. मिरासदाराची जमीन वारशाची, त्याचा हक्क पिढीजात. उपरी कसायचा, पण जमीन त्याची नव्हे. ठरलेली मुदत किंवा देणाऱ्याची इच्छा असेपर्यंतच. हा रोमन प्रेकारियमचा दख्खनी चुलतभाऊ म्हणावा इतकं साम्य आहे. अर्थात उपरी नेहमीच केविलवाणा नसे. पडीक जमीन लागवडीला आणायची असे तेव्हा त्याला सवलती मिळत, आणि जाच झाला तर तो गाव सोडूनही जाऊ शके. हक्क नसणं आणि हाल असणं या दोन गोष्टी दरवेळी सोबत येतातच असं नाही, हेही उपरी शिकवतो.

याच घरातला 'उपरा' शब्द १९८० साली लक्ष्मण माने यांच्या आत्मकथनाच्या मुखपृष्ठावर आला. गाढवाच्या पाठीवर बिऱ्हाड लादून गावोगाव फिरणाऱ्या, टोपल्या विणणाऱ्या कैकाडी कुटुंबाची ती कहाणी. इंग्रजीत हे पुस्तक जाताना उपराचा 'आउटसायडर' झाला. तो चुकीचा नाही. पण आउटसायडर फक्त कुठे उभा आहे ते सांगतो: वर्तुळाबाहेर. जमिनीच्या हिशेबातला उपरी त्यापुढे जाऊन सांगतो, की त्याला पाय टेकायला जागा आहे, पण ती कुणीतरी दिलेली आहे आणि तो केव्हाही काढून घेऊ शकतो. एक परकेपणाचा शब्द आहे, दुसऱ्यात परकेपणा आणि बेहक्कपणा दोन्ही आहे. त्या अनुवादकाच्या जागी मी असतो तर बहुधा मीही आउटसायडरच निवडला असता, कारण 'प्रिकेरियस' पुस्तकाचं नाव म्हणून कोरडा पडतो. पण मजकुराच्या आत कुठेतरी त्याला जागा द्यायला हवी, असं वाटतं.

'फ्लेक्सिबल' नावाचा मुखवटा

हा शब्द आज तुमच्या-माझ्या खिशात आहे. डिलिव्हरीचं काम देणाऱ्या अॅपची जाहिरात उघडा. तिथे प्रिकेरियस नसेल, 'फ्लेक्सिबल' असेल. हवं तेव्हा लॉग इन करा, हवं तेव्हा बंद करा, तुम्हीच तुमचे बॉस. लवचीकता आहेच, ती खोटी नाही. कॉलेज सांभाळून चार तास गाडी मारणाऱ्याला ती कामाची वाटते. पण वाकणारा कोण आणि वाकवणारा कोण, हे 'फ्लेक्सिबल' सांगत नाही. दर बदलला, रेटिंग घसरलं, एका सकाळी आयडी ब्लॉक झाला, तर विनंती करायला समोर माणूसही नसतो. रोमन शेतकऱ्याला निदान मालकाचं तोंड तरी माहीत होतं.

२०२० सालच्या सामाजिक सुरक्षा संहितेने गिग कामगाराची व्याख्या केली आहे, तीच मुळी पारंपरिक मालक-नोकर नात्याबाहेर काम करणारा अशी. कायद्यात त्याला नाव मिळालं ही मोठी गोष्ट आहे. पण ज्याच्या मर्जीवर काम आहे तो मालक नव्हेच, असंही त्याच वाक्यात ठरून जातं. नातं नाकारायचं आणि अवलंबित्व ठेवायचं, याला इंग्रजीत जुना शब्द उपलब्ध आहे.

तेव्हा निबंध असो, अर्ज असो, कव्हर लेटर असो किंवा एखादी लांब पोस्ट, अस्थिरतेचं विशेषण निवडण्याआधी काही साधे प्रश्न पुरेत. दोष वस्तूच्या बांधणीत आहे? अनस्टेबल. भराभर वर-खाली, चटकन पेट? व्होलाटाइल. वरून दगाबाजीची तक्रार? फिकल. तोल कडेवर आहे, किंवा टिकणं दुसऱ्याच्या हातात आहे? प्रिकेरियस. आणि तो माणसाला न लावता माणसाच्या जागेला, कामाला, छपराला लावायचा.

हे जमलं की सुरुवातीचं पहिलं वाक्य दुरुस्त करायला फार वेळ लागत नाही. 'माय लँडलॉर्ड इज फिकल, सो माय टेनन्सी इज प्रिकेरियस.' दोन विशेषणं, दोन माणसं. कोण लहरी आणि कोण टांगलेलं, हे आता वाचणाऱ्याला विचारावं लागणार नाही.